पाटातलं बिऱ्हाड

आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये दारामागे, किल्ल्यांच्या शेजारी, एक लोखंडी दांडा टांगलेला आहे. काटकोनात वाकलेला, एका टोकाला चौकोनी भोक, दुसऱ्या टोकाला हात लागून लागून गुळगुळीत झालेली मूठ. घरी येणारा प्रत्येक जण त्याबद्दल विचारतो. प्लंबरने तर विचारलंही नाही, सांगूनच टाकलं, “जुन्या डिझेल इंजिनाचं हँडल दिसतंय, ताई.” फार चुकला नव्हता. ते इंग्लंडमधल्या कालव्यांवरच्या लॉकच्या, म्हणजे बोटी वर-खाली करणाऱ्या पाण्याच्या खोल्यांच्या, झडपा उघडायचं हँडल आहे, तिकडे त्याला विंडलास म्हणतात. चार वर्षं ते माझ्या कमरेच्या पट्ट्यात खोचलेलं असायचं, आजीच्या कनवटीला चंची असायची तसं.

२०१९ ते २०२३ मी आणि माझा नवरा इंग्लंडमध्ये एका बोटीवर राहिलो. सुट्टीपुरते नव्हे, उन्हाळा-हिवाळा, आजारपण, सणवार, सगळं तिच्यावरच.

सासऱ्यांना, म्हणजे नानांना, फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ काही आवाजच नाही. नानांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, पालखेडच्या डाव्या कालव्यावर. आयुष्य पाटाच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळण्यात गेलेलं. शेवटी म्हणाले, “कॅनॉल म्हणजे पाटच ना? म्हंजे तुम्ही पाटात राहणार?”

मी हो म्हटलं.

“पाटात आमच्या इथं म्हशी बसतात,” नाना म्हणाले आणि फोन सासूबाईंकडे दिला.

बोटीचं वेड वगैरे आम्हाला कधीच नव्हतं. नवऱ्याची नोकरी मिल्टन कीन्सला, पगारातला मोठा लचका घरभाड्यात जायचा. त्या गावातून ग्रँड युनियन कालवा जातो. संध्याकाळी त्याच्या काठाने फिरताना एका बोटीच्या खिडकीत ‘विकणे आहे’ची पाटी दिसली आणि याने गंमत म्हणून किंमत विचारली. पुढच्या महिन्यात गंमत आमच्या अंगावर आली.

माझं माहेर जुन्या नाशकातलं, भांडी बाजाराच्या मागे. आमच्याकडे पुराचं माप फुटात सांगत नाहीत, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर सांगतात. पायाला लागलं, गुडघ्याला लागलं. कमरेला लागलं म्हटलं की आई दुकानातला माल वर चढवायला घ्यायची. आम्ही बोटीचे पैसे भरले आणि त्याच आठवड्यात, ४ ऑगस्ट २०१९ला, गोदावरीला मोठा पूर आला. सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात. आई व्हिडिओ कॉलवर पोटमाळ्यावर बसलेली, पाठीमागे डबे आणि गाद्या. तिथून ती मला म्हणाली, “आम्ही पाण्याला भिऊन घर वर चढवतोय आणि तू घर घेऊन पाण्यात उतरतेस. शहाणी आहेस.” तिला कसं समजावणार, की कालव्याला पूर असा येत नाही, पाणी जेमतेम चार-पाच फूट आणि तेही जवळजवळ स्थिर. तिथले जुने लोक नवख्याला पहिला सल्ला देतात तो असा: पाण्यात पडलात तर हातपाय मारू नका, उभे राहा.

बोट सत्तावन्न फूट लांब आणि सात फुटांपेक्षा दोन इंच कमी रुंद. ही रुंदी काही सौंदर्यदृष्टीतून आलेली नाही. अठराव्या शतकात मालवाहतुकीसाठी कालवे खोदले तेव्हा पुष्कळ ठिकाणी लॉक सात फुटी बांधले, म्हणून बोटी तशा झाल्या आणि अजून तशाच आहेत. आत शिरलं की पॅसेंजर गाडीच्या डब्यात स्वयंपाकघर, पलंग आणि शेगडी बसवल्यासारखं वाटतं. दोघांपैकी एकाला पुढे जायचं असेल तर दुसऱ्याने पोट आत घ्यायचं.

घेण्याआधी ती पाण्याबाहेर काढून तपासून घ्यावी लागते. एक माणूस हातोडी आणि अल्ट्रासाउंडचं यंत्र घेऊन बुडाखाली फिरला. सोनोग्राफीच म्हणा ना. बाजूचा पत्रा मुळात सहा मिलिमीटरचा, गंजून गंजून चारच्या खाली गेला की विमावाले नाक मुरडतात. आमचा सर्वांत झिजलेला ठिपका ५.१ निघाला. मग विमा, मग दर चार वर्षांनी घ्यायचा सुरक्षेचा दाखला, मग परवाना. गॅस आणि कोळशामुळे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सक्तीचं झालं होतं. धुराचा अलार्म वेगळा. त्याला इंग्रजी स्वयंपाक मान्य होता, फोडणी नव्हती. मोहरी तडतडली की तो बोंबलायचा. शेवटी फोडणीच्या वेळी नवऱ्याने दोन्ही बाजूंची दारं उघडून वर्तमानपत्राने वारा घालायचा, अशी कामाची वाटणी झाली.

परवाना देते कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था. इंग्लंड-वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग २०१२पासून तिच्याकडे आहेत. परवाना घेताना विचारतात, बोट बांधायची कायमची जागा आहे का? जागेचं भाडं परवडेना, म्हणून आम्ही ‘नाही’वर खूण केली. मग १९९५च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. मुदत भरली की दोर सोडायचे आणि पुढच्या भागात सरकायचं. पत्ता नाही, त्यामुळे बँकेची पत्रं नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मित्राच्या घरी. नानांना मात्र ही गोष्ट लगेच समजली. “म्हंजे तुम्हाला पाळी आहे. चौदा दिवसांची.”

आता मूळ मुद्द्याकडे येते. लोक विचारतात, तिथे एकटं नाही का वाटलं? खरं सांगायचं तर इतकी माणसं मला लग्नानंतर कुठेच मिळाली नव्हती. आणि त्याला कारण लोकांचा प्रेमळ स्वभाव वगैरे नसून बराचसा लॉकच आहे.

लॉक म्हणजे पाण्याची खोली. दोन्ही टोकांना दरवाजे. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, झडपा उघडून पाणी भरायचं किंवा सोडायचं. बोट आपोआप वर किंवा खाली. बऱ्याच कालव्यांवर लॉक सात फुटी, पण ग्रँड युनियनवर चौदा फुटी, दोन बोटी शेजारी शेजारी मावतात. एका वेळी सुमारे अडीच लाख लिटर पाणी खाली जातं, त्यामुळे एकट्याने गेलं की पाणी वाया घालवल्यासारखं. रीत अशी की पाठीमागून कोणी येतंय का ते बघायचं आणि थांबायचं. मग ज्यांचं नावही माहीत नाही अशा माणसाच्या बोटीला आपली बोट चिकटवून खाली उतरायचं, बोलत बोलत. पुढचा लॉक अर्ध्या तासावर, पुन्हा तोच शेजार. सात लॉक झाले की त्या बाईच्या सुनेशी तिचं का पटत नाही हे तुम्हाला कळलेलं असतं.

आमची पहिली जोडी सोलबरीच्या तीन लॉकवर जमली. लेटन बझर्डकडून मिल्टन कीन्सकडे येताना ते उतरणीचे लागतात. शेजारी एक हिरवी बोट, तिच्यावर सत्तरीकडे झुकलेलं जोडपं. तो निवृत्त ट्रक ड्रायव्हर, ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेली, दोघं सतरा वर्षं बोटीवर. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, माझ्या जिभेला मात्र ते शेवटपर्यंत जमलं नाही. मी मनातल्या मनात त्यांना काका-काकूच म्हणायचे, पुढे तोंडावरही म्हणायला लागले.

उतरताना एक गोष्ट जिवाची असते. वरच्या दरवाजाच्या पायथ्याशी आतमध्ये एक दगडी उंबरा असतो. लॉक भरलेला असताना तो दिसत नाही. पाणी उतरत असताना बोटीची शेपूट त्याच्यावर राहिली तर पुढचा भाग खाली जातो, मागचा अडकतो. काही मिनिटांत बोट उभी होते आणि भरते. भिंतीवर पांढरी रेघ असते, तिच्या पुढे राहा म्हणून. आम्ही पुस्तकात हे वाचलं होतं. काकू आणि मी काठावर झडपांपाशी. सुकाणूवर असलेला नवरा फोनवर, ऑफिसचा फोन, आणि बोट हळूहळू मागे सरकतेय.

मला काहीच कळलं नाही. फक्त एक खरवडल्यासारखा आवाज आला, आणि आमच्या स्वयंपाकघरातून भांडी पडल्याचा. काकांनी जी आरोळी ठोकली तिच्यातला एकही शब्द मला समजला नाही, पण काकूंनी तोवर त्यांची झडप खाली पाडली होती आणि त्या माझ्याकडे धावत होत्या. त्यांनी माझ्या हातातून हँडल अक्षरशः हिसकावलं. झडप बंद, पाणी थांबलं. मग त्याच वयाला न शोभणाऱ्या चपळाईने वरच्या दरवाजाकडे गेल्या आणि अगदी थोडं थोडं पाणी आत घेतलं. बोट कुरकुरत, वळवळत पुन्हा तरंगायला लागली. नवरा पांढराफटक. फोन चालूच होता, पलीकडचा माणूस “हॅलो, हॅलो” करत होता. लॉकशेजारी पब आहे, तिथले लोक ग्लास हातात धरून उभे राहून बघत होते, जत्रेत मौत का कुआँ बघावा तसे.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बोटीवर चहा झाला. दोन चमचे साखर त्यांनी न विचारता घातली. पुढच्या दोन लॉकना काका आमच्या बोटीवर येऊन नवऱ्याशेजारी उभे राहिले आणि त्यांची बोट काकूंनी हाकली. तिसऱ्या लॉकनंतर काका उतरले, नवऱ्याच्या खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, लॉकमध्ये हा तुमच्याकडे. नावं आम्ही त्यानंतर विचारली.

पुढे पुढे लक्षात आलं की तिथे ओळखीचा क्रम असाच असतो. आधी दोर झेलायचा, मग कधीतरी नाव. बऱ्याच जणांचं नाव तर कळतच नाही, बोटीचं कळतं. सहा महिन्यांनी कुठेतरी वळणावर ओळखीचा रंग दिसतो आणि काठावर उभं राहून दोन तास गप्पा होतात. मग पाळी संपते, ते उत्तरेला, आपण दक्षिणेला. कुणी “भेटत राहू हं” म्हणत नाही. मला सुरुवातीला हे कोरडं वाटायचं. आपल्याकडे निघताना उंबरठ्यावर अर्धा तास जातो.

खबरी नेण्याचं काम कोळशाच्या बोटीचं. डिझेल, गॅसची टाकी, कोळशाची पोती घेऊन ती ठरलेल्या फेरीवर येते. हिवाळ्यात आम्हाला तीन दिवसांना एक पोतं लागायचं. कोळसेवाला पोतं छतावर टाकता टाकता सांगायचा: हिरवी बोट कॉसग्रोव्हला आहे, काकूंचा गुडघा सुजलाय, आणि त्यांनी हा केक दिलाय. केक कोळशाने काळा झालेला असायचा. मीही त्याच्याबरोबर चकल्यांचा डबा धाडायचे. डबा परत रिकामा कधी आला नाही, एवढं आपल्या आणि त्यांच्या वळणात सारखं.

दुसरा अड्डा पाण्याच्या नळाचा. टाकी भरायला तास, सव्वा तास. वाड्यातल्या नळासारखंच, फक्त भांडण नाही. अर्थात अजिबात नाही असंही नाही. रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायचं नाही असा नियम आहे. एका बोटीवाल्याचं जनरेटर अकरापर्यंत धडधडायचं. नवरा सांगायला गेला, तर त्याने आम्हाला आमच्या देशात जायचा सल्ला दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही जागा बदलली. घराला चाकं, म्हणजे सुकाणू, असल्याचा हा एक फायदा.

संडासाचं लिहायलाच हवं, कारण नाशकात आल्यावर बायकांनी पहिला प्रश्न तोच विचारला. बोटीत खालून काढता येणारी प्लॅस्टिकची पेटी असते, वीस लिटरची. दोघांत तीन दिवस पुरते. मग ती ढकलगाडीवर घालून काठाने ठरावीक ठिकाणी न्यायची आणि ओतायची, धुवायची. तिथेही रांग असते. मिल्टन कीन्समधल्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंशी माझी ओळख त्या रांगेत झाली, दोघींच्या हातात पेट्या. त्यानंतर कुणाशी औपचारिक वागणं अवघडच जातं.

आणि सकाळचं धुराडं. हे मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून कळलं. हिवाळ्यात प्रत्येक बोटीवर कोळशाची शेगडी रात्रभर मंद चालू असते, सकाळी राख झाडून हवा सोडली की छतावरच्या धुराड्यातून धूर निघतो. काठावरचा प्रत्येक जण दात घासता घासता शेजारच्या धुराड्यांकडे नजर टाकतो. धूर आहे, म्हणजे माणूस उठलंय. पहिल्या हिवाळ्यात एक दिवस दहा वाजले तरी हिरव्या बोटीचं धुराडं गप्प. काका लेकीकडे गेलेले. मी आणि पलीकडच्या बोटीवरची सुतारकाम करणारी मुलगी, दोघी एकाच वेळी बाहेर आलो, एकमेकींकडे पाहिलं आणि काही न बोलता चालायला लागलो. काकू तापाने फणफणलेल्या, शेगडी विझलेली, खिडक्यांना आतून बर्फाची नक्षी. त्या मुलीने शेगडी पेटवली, मी मऊ भात केला. काकूंनी तूप-मेतकूट घातलेला भात पहिल्यांदा खाल्ला आणि हे लहान मुलांचं जेवण आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, हो.

मग मार्च २०२० आला. २३ तारखेला तिथे टाळेबंदी जाहीर झाली. बोटी हलवू नका, पाण्या-डिझेलपुरत्याच हलवा, चौदा दिवसांचा नियम तूर्त बाजूला, असं ट्रस्टने कळवलं. आम्ही जिथे होतो तिथे अडकलो: आमची, हिरवी, सुतारणीची आणि एका चित्रकाराची, अशा चार बोटी, एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत. सतरा वर्षांत पहिल्यांदाच काका-काकू एका जागी इतके दिवस राहिले.

२५ तारखेला पाडवा होता. इकडे भारतातही त्याच दिवशी सगळं बंद झालेलं. आई फोनवर रडत होती, मी तिला हसवायला म्हटलं, गुढी उभारते बघ बोटीवर. म्हटलं खरं. काठी होती, बोट ढकलायचा लांब बांबू. साडी होती, एकुलती एक पैठणी, येवल्याची, लग्नातली. तांब्या स्टीलचा. कडुलिंब कुठून आणणार? काठावर एका काटेरी झुडपाला नुकती पोपटी पानं फुटली होती, तीच तोडली. काकू लांब उभ्या राहून म्हणाल्या, हॉथॉर्नची कोवळी पानं खाल्ली तरी चालतात, त्या लहानपणी खायच्या. मग काय, गुळाचा खडा आणि हॉथॉर्न. गाठी नव्हत्या, त्यांनी सुकवलेल्या सफरचंदाच्या चकत्या ओवून दिल्या. बांबू छतावर धुराड्याशेजारी बांधला. वाऱ्याने पदर उडून धुराड्याकडे जायला लागला तशी सुतारीण काठावरून ओरडली, आणि नवऱ्याने शेगडी विझवून टाकली. थंडी मरणाची, पण पैठणी वाचली. दह्याचं श्रीखंड वाट्यांत भरून काठावर ठेवलं, एकेकाने यायचं आणि उचलून न्यायचं. काका छतावरच्या गुढीकडे बघत विचारत होते, हा कुठल्या देशाचा झेंडा? मी म्हटलं, नाशिकचा.

बोटीचं आधीचं नाव कुठल्याशा फुलाचं होतं. आम्हाला ‘गोदावरी’ ठेवायचं होतं. काकांनी अडवलं. बोट पाण्यात असताना नाव बदललं तर अपशकुन होतो, पाण्याबाहेर निघेल तेव्हा बदला. देवाधर्माचं काही न मानणारा माणूस, पण याबाबतीत ऐकेना. मग दोन वर्षं थांबलो. बुडाला दर दोन-तीन वर्षांनी काळा रंग द्यावा लागतो, त्यासाठी २०२१मध्ये बोट बाहेर निघाली तेव्हा सुतारणीने दोन्ही अंगांना नाव रंगवलं, देवनागरीत. मी कागदावर काढून दिलं होतं. तिने अक्षरं सुंदर काढली आणि शिरोरेघ विसरली. नंतर घातली तेव्हा म्हणाली, अच्छा, आधी छत घालायचं का. तेव्हापासून कालव्यावर मी ‘मिसेस गोडावरी’.

परत यायचं ठरलं ते नानांच्या गुडघ्यांमुळे आणि बागेमुळे. बोट विकणं सोपं होतं. निघण्याच्या दिवशी काकांनी शेवटचा लॉक आमच्या जोडीने केला आणि मी हँडल त्यांना द्यायला लागले तेव्हा, ठेव म्हणाले, कुठेतरी झडप लागेलच.

नाशकात आलो तर सहाव्या मजल्यावर, लिफ्ट, चोवीस तास पाणी. भांडी घासताना मी साबण लावताना नळ बंद करते म्हणून कामाच्या मावशी मला कंजूष समजतात. पहिल्या वर्षात माझी ओळख झाली ती वॉचमनशी. बाकीच्यांची दारं बंद, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मात्र सगळ्यांचं सुप्रभात.

सवय जाईना. सकाळी फिरायला जिन्याने उतरताना मी दारं बघत जाते. इथे धुराडं नाही, पण कडीला अडकवलेली दुधाची पिशवी असते. आठपर्यंत सगळ्या आत गेलेल्या असतात. एक दिवस दुसऱ्या मजल्यावरची पिशवी दहाला तशीच. तिथे एक आजोबा एकटे राहतात, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, एवढंच ऐकून होते. बेल वाजवली. दुसऱ्यांदा वाजवली. दार उघडून बनियनवर आजोबा, डोळे चोळत: रात्री मॅच बघत जागलो, काय झालं? माझी फजिती. म्हटलं, दूध नासेल. त्यांनी माझ्याकडे, पिशवीकडे, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी उतरत होते तर कडीला पिशवी नव्हती, आणि दार किलकिलं. आतून आवाज आला, “घेतलंय दूध.” आता रोज येतो.

जानेवारी २०२५मध्ये काका-काकू नाशकात आले, तीन आठवडे. त्यांची बोट सुतारणीच्या ताब्यात. काकूंनी मिसळ खाल्ली आणि दही मागितलं, पुन्हा मागितलं. काका रामकुंडावर गर्दीकडे बघत नव्हते, घाटाच्या दगडांवर पाण्याच्या जुन्या खुणा शोधत होते. दुतोंड्या मारुतीची गोष्ट सांगितली तर त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत नजरेने माप घेतलं आणि आईला म्हणाले, पोटमाळा बरोबर उंचीवर आहे. आईला हा माणूस फार आवडला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी क्रिकेटवर त्यांचं डोकं खाल्लं. नांदूर मधमेश्वरला एक सकाळ गेली. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, २०१९पासून, आणि जानेवारीत पाखरांनी गजबजलेलं असतं. दुर्बीण काकूंच्या हातातून सुटेना.

शेवटचे दोन दिवस नानांकडे. आवर्तन सुटलेलं होतं, पाट भरून वाहत होता. नाना काठी टेकत, काका त्यांच्या बरोबरीने, दोघं पाटाच्या भरावावरून पुढे, मी आणि काकू मागे. मला वाटलं होतं, भाषांतर करत बसावं लागणार. नाना मोरीच्या दाराकडे काठी दाखवायचे, काका मान हलवायचे. काकांनी वाकून दाराच्या स्क्रूवर बोट फिरवलं, बोटाला लागलेलं ग्रीस नानांना दाखवलं, नानांनी तोंड वाकडं केलं, म्हणजे वर्षानुवर्षं कोणी घालत नाही. मी पिशवीतून विंडलास काढून काकांना दिलं, गंमत म्हणून. त्यांनी ते मोरीच्या चौकोनी टोकावर बसवून पाहिलं. बसलं नाही. नानांनी तेवढ्यात ते हातात घेतलं, तोललं, मूठ अंगठ्याने चोळली आणि मला म्हणाले, “चार वर्षं हेच फिरवत होतीस?”

पुढे पाटावरून शेतात जायला एक पूल आहे, बैलगाडीपुरता, फार खाली. नाना त्यावर थांबले, खाली वाहणारं पाणी बघितलं.

“विचार त्यांना,” म्हणाले, “इथून त्यांची बोट जाईल का?”

मी विचारलं. काका थट्टा समजून हसतील असं वाटलं होतं. ते पुलावरून उतरले, भरावाच्या कडेला उकिडवे बसले, एक डोळा मिटून पुलाची खालची कड आणि पाणी यांच्यामधली फट बघितली. हात आडवा धरून माप घेतलं. उठायला नानांनी काठी पुढे केली.

“जाईल म्हणतात,” मी नानांना सांगितलं. “धुराडं काढावं लागेल.”

“मग काढू की,” नाना म्हणाले.